दोन्ही नावांनी ओळखणारी

मी मी नाही, हे मला एका बुधवारी सकाळी नवघर रोडवर, मासळीवालीसमोर उभी असताना कळलं. ती बोंबलांची डोकी उडवत होती, मी पिशवी उघडी धरून उभी होते, आणि पर्समधला मोबाइल वाजला. शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा मेसेज. गेले कित्येक दिवस मी त्या पोर्टलवर उठताबसता डोकावत होते. भात शिजताना सारखं झाकण उचलू नये म्हणतात, पण मला कुठला धीर! आणि दर वेळी तीच ओळ दिसायची: अर्ज महाविद्यालय स्तरावर छाननीत आहे. आज ओळ बदलली होती. अर्ज अर्जदाराकडे परत. खाली कारण: अर्जदार आणि विद्यार्थिनी या एकच व्यक्ती नाहीत. मी वाचलं, परत वाचलं आणि भर रस्त्यात खो खो हसत सुटले. मासळीवालीने कोयता थांबवला. "काय झालं गं बाय, लॉटरी लागली का काय?" म्हटलं, "नाही गं. मी मी नाही म्हणतायत." तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मग बोंबलांचे पैशे कोन देनार?"

हसू गव्हाणपाड्याच्या कोपऱ्यापर्यंत टिकलं. तिथून पुढे मात्र फीचा हिशेब आठवला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. सकाळी कॉलेज, दुपारी अण्णांकडे टायपिंग; त्या बुधवारी तेवढी कॉलेजला सुट्टी. अण्णा म्हणजे दळवी वकील. मुलुंड कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस, नोटरीचं काम जास्त. इतकी वर्षं मी तिथे लोकांची मृत्युपत्रं, लोकांची भांडणं, लोकांची शपथपत्रं टाइप करतेय. एकदा अण्णाच वैतागून म्हणाले होते, "मधु, मसुदा तू करतेस, चुका तू काढतेस, मी नुसती सही ठोकतो. वकील हो एकदाची, म्हणजे सहीपण तूच ठोक." त्यांनी थट्टेत म्हटलं आणि मी मनावर घेतलं. प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाले, घरात पेढे वाटले. पण घरातून एकच फी निघते. राजेश, माझा नवरा, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि तिथे हल्ली अर्धा आठवडा मशिनं झोपलेली असतात. मुलगी श्रुतिका इंजिनिअरिंगला. निघणारी फी तिची, हे घरात कुणी बोललं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. म्हणजे शिष्यवृत्ती आली तर मी वकील, नाही आली तर टायपिस्ट, इतका साधा हिशेब. महिनाअखेरपर्यंत मंजुरी दाखवा, नाहीतर पूर्ण फी भरा किंवा जागा सोडा, असं कॉलेजने स्वच्छ सांगितलं होतं. आणि आता हे. एकच व्यक्ती नाहीत. चालता चालता मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं, ती दुसरी मागून येतेय की काय.

घरी सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. आमच्या कर्णिकांच्या घरात बिरडं म्हणजे सणच. सासूबाईंच्या चिमटीतून डाळिंब्या अशा टपाटप सुटतात की बघत राहावं. श्रुतिकाने माझ्या हातून मोबाइल घेतला आणि एका मिनिटात निकाल लावला. "अगं आई, सिंपल आहे. कॉलेजकडे तुझी मार्कशीट. त्यावर मालन शंकर परब. पोर्टलने नाव उचललं आधारवरून. त्यावर मधुवंती राजेश कर्णिक. एक शब्दसुद्धा जुळत नाही यार! मी असते ना, तर मीपण परत पाठवला असता." मग तिचा आवाज चढला. "पण मला एक सांग. आडनाव समजू शकते. स्वतःचं नाव कोण बदलू देतं? तुझी ओळख पुसून टाकली लोकांनी, आणि तू गप्प बसलीस?" त्या 'लोकांनी'वर सासूबाईंच्या हातातली डाळिंबी क्षणभर थांबली. मग पुन्हा टपाटप सुरू झालं. मला त्यांच्यासाठी इतकं अवघडल्यासारखं झालं की मी घाईघाईने म्हणाले, "गप्प कशाला बसेन? मी खूश होते गं." श्रुतिकाने कपाळावर हात मारला. तिच्या पिढीला आयांनी दुःखी असलेलं आवडतं.

पण मी खरंच खूश होते, त्याला काय करू? मालन हे माझ्या आजीचं नाव, बाबांच्या आईचं, आणि बाबांनी ते मोठ्या मायेने माझ्या गळ्यात घातलं. घाटकोपरला भटवाडीतल्या शाळेत आमच्या वर्गात एकीपेक्षा एक नावं. जान्हवी काय, शर्मिष्ठा काय, मधेच मी मालन. हजेरी घेताना बाई माझ्यापाशी आल्या की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "मालनआजी, नातवंडं बरी आहेत ना?" अख्खा वर्ग फिदीफिदी. आजी म्हणजे कष्टाची, राकट पायांची, चुलीपुढची, आणि मी दोन वेण्यांची. त्या वयात मी देवाकडे पैसे मागितले नाहीत की रूप मागितलं नाही, फक्त नाव बदलून मागितलं. देवाने जरा उशिरा ऐकलं. लग्नात ताटभर तांदूळ पसरलेले, राजेशच्या हातात अंगठी, आणि त्याच्या कानाशी लागून सासूबाई काहीतरी सांगतायत. तो तांदळात अक्षरं कोरत होता आणि मी समोरून उलटी वाचत होते. मधुवंती. अगंबाई, इतकं गोड, आणि ते मला? मला भरजरी नवी साडी नेसवली सगळ्यांनी, आणि त्या गडबडीत आधीची कुठे घडी करून ठेवली ते विचारायचं राहूनच गेलं. पाहुण्यांच्या गर्दीत बाबा माझ्याजवळ आले. मिल बंद पडल्यापासून ते एका सोसायटीत वॉचमन होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सफारी घातला होता. मी धास्तावून विचारलं, "बाबा, रागावलात?" तर म्हणाले, "राग कसलो? नाव म्हणजे काय गो, हाक मारूची सोय. मी आपली जुनीच सोय वापरतलंय." आणि वापरली. शेवटपर्यंत मालू. हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी असतानासुद्धा मालू. ते गेले, मागोमाग आई गेली. भाऊ सुयोग मस्कतला असतो, तो मला ताई म्हणतो. म्हणजे मला मालन म्हणणारं माणूस जगात उरलेलंच नव्हतं, आणि हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. बोंबलाला मीठ-हळद चोळता चोळता जाणवलं. हात तसेच ठेवून मी ओट्यापाशी थोडी रडले. मग बोंबील तळले. झकास झाले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीत गेले. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. म्हणाले, "मॅडम, आमच्या यादीत मालन परब आहेत. शिष्यवृत्ती मागतायत मधुवंती कर्णिक. मी ती मधुवंतीबाईंना दिली आणि उद्या मालनबाई येऊन उभ्या राहिल्या तर?" मी म्हटलं, "मीच मालनबाई. मीच येऊन उभी आहे." ते म्हणाले, "असं तुम्ही म्हणताय." माझ्या अंगातली भावी वकील उसळून आली आणि तोंडाशी येऊन विरून गेली, कारण त्यांचं बरोबर होतं. मालनबाई मी आहे याला माझ्या शब्दापलीकडे पुरावा काय? लग्न झालं तेव्हा कुणी नोंदणीच्या फंदात पडलं नव्हतं. रेशनकार्डावर सासरचं नाव चढलं, त्यावरून पुढची सगळी कार्डं निघाली. सगळ्या बायकांचं तेच झालं. नाव कसं बदललं, ते ताटातल्या तांदळांना ठाऊक, आणि त्या तांदळांचा तर भात झाला. गृहस्थ समजुतीने म्हणाले, "शपथपत्र आणा. शेवटी एक ओळ लागेल, यापुढे कुठल्या नावाने ओळखल्या जाल. जे लिहाल तेच इथे लागेल, तेच पुढे वकिलीच्या सनदेपर्यंत जाईल. आणि खाली साक्षीदार हवा. नात्यातली वडीलधारी, तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारी व्यक्ती." मी खिडकीपाशीच बोटांवर माणसं मोजायला लागले. बाबा नाहीत, आई नाही, काका-मामा गावी, तेही अंथरुणाला खिळलेले. राजेश वडीलधारा नाही, नुसताच टकला झालाय. दोन्ही नावांनी मला ओळखणारी घरातली एकच व्यक्ती उरली होती, आणि पहिलं नाव बदलून दुसरं ठेवणारीही तीच.

शपथपत्र टाइप करायला बसले तेव्हा ऑफिसात पंखा गरगरत होता आणि अण्णा आतल्या खोलीत कुणाला तरी फोनवर झापत होते. असली शपथपत्रं माझ्या बोटांना पाठ आहेत. मी, खाली सही करणारी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. इथपर्यंत बोटं धावली. सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. हे वाक्य मी किती बायकांसाठी बडवलं असेल, मान वर करून एकीकडेही बघितलं नव्हतं. आज बोटं अडली. ती व्यक्ती मीच आहे? बघू या तर. बी.ए. मालनने केलं. मरोळच्या बसस्टॉपवर राजेशने लग्नाचं विचारलं तेव्हा लाजून दोन बस सोडल्या त्याही मालनने. श्रुतिकाला जन्म दिला मधुवंतीने. बिरडं शिकली मधुवंती, ही नोकरी लागली मधुवंतीला, बाबांना खांदा द्यायला कुणी पुढे येईना तेव्हा पुढे झाली ती मात्र... ती कोण होती? नळीतून श्वास घेत मालू म्हणणारा माणूस निघून गेला होता, आणि तिरडीला हात लावणाऱ्या बाईला सगळे मधुवंतीवहिनी म्हणत होते. मला वाटायला लागलं, आत दोघी राहतात आणि भाड्याची पावती एकीच्याच नावावर फाटते. मग मीच स्वतःला दटावलं. राग कुणाला येतो? दोघींना. बोंबील कुणाला आवडतात? दोघींना. हजेरी चुकली की धडधड कुणाच्या छातीत होते? मग गप टाइप कर की! शेवटची ओळ राहिली. यापुढे मी अमुक या नावाने ओळखली जाईन. मी मधुवंती टाइप केलं. सासूबाई खाली सही करणार, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी दिलेलं नाव परत कसं करायचं? आणि सवयही तीच. उगाच जिवाला घोर कशाला? पण ती अक्षरं उमटली तेव्हा दार लोटून कुणाला तरी बाहेर ठेवल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

सासूबाईंना कसं विचारायचं याची मी दिवसभर रंगीत तालीम केली. रागावतील, मनाला लावून घेतील, श्रुतिकाचं 'पुसून टाकली' अजून त्यांच्या कानात असेल. संध्याकाळी चहा देताना एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?" मी बघतच राहिले. म्हणाल्या, "अगं, साक्षीला जायचं म्हणजे चांगलं दिसायला नको? कोर्टाचं काम आहे." शनिवारी सकाळी त्या जांभळी नारायणपेठ नेसून, पावडर लावून, सतराशे साठ कागद कोंबलेली पर्स काखेत मारून रिक्षात बसल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "कोर्ट." जणू आमची फाशीची केस. मी म्हटलं, "आई, कोर्टात नाही, अण्णांच्या ऑफिसात." म्हणाल्या, "तुला काय कळतंय? कोर्ट म्हटलं की मीटर नीट टाकतात."

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, वहिनी वहिनी करत पाणी मागवलं, आणि मग चष्मा चढवून एकदम परके झाले. शिक्का हातात घेतला की ते सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. मला म्हणाले, "पूर्ण नाव?" मी म्हटलं, "अण्णा, काय हे!" "पूर्ण नाव सांगा बाई." मी दोन्ही सांगितली. मालन हा शब्द माझ्याच तोंडून माझ्याच कानावर आला आणि मला हसायला आलं. मग ते सासूबाईंकडे वळले. "तुम्ही?" "वनमाला चंद्रप्रकाश कर्णिक," त्या ताठ बसून म्हणाल्या, आणि एक श्वास घेऊन, "आधीचं सांगू?" अण्णा लिहिता लिहिता म्हणाले, "नको वहिनी, ते लागत नाही. आधारवर आहे तेवढं पुरे." सासूबाईंचं तोंड अर्धवट उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं. "बरं," म्हणाल्या. मी ते बघितलं. अण्णांनी बघितलं नाही. मग सहीसाठी कागद पुढे सरकवला, तर बाईंनी पर्समधून स्वतःचा चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. त्या शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाचून मग टाकतात. अण्णा पेन आपटत बसले. शेवटच्या ओळीवर सासूबाईंचं बोट थांबलं. "हे चुकलंय."

"काय चुकलं आई?"

"यापुढे मधुवंती. बी.ए. कुणी केलं?"

"मी."

"तेव्हा तू कोण होतीस?"

त्या अण्णांकडे वळून, माझ्याकडे न बघता बोलू लागल्या, साक्ष देतात तशाच. "वकीलसाहेब, हिचं नाव मी ठेवलं. घरात ठेवलं, घरात ते छान आहे. पण अभ्यास हिने केला तो हिच्या बापाच्या घरी. गिरणीत राबून त्याने शिकवलं, तेव्हा आम्ही कुठे होतो? बी.ए. मालन झाली, तर वकील पण मालनलाच होऊ दे. फुकटचं श्रेय मी घेणार नाही. लिहा, मालन." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझी मान, की तिची, की आमच्या दोघींची, कुणास ठाऊक, पण हलली खरी. मी बाहेर जाऊन ते पान पुन्हा टाइप केलं. अण्णा शिक्का मारताना पुटपुटले, "इतकी वर्षं मधु म्हटलं, आता म्हातारपणी जीभ वळवायची." सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मधुच म्हणा. कागदाला म्हणू दे काय म्हणायचं ते."

परत येताना रिक्षा सिग्नलला अडकली. मी विचारलं, "आई, मधुवंती कुठून सुचलं तुम्हाला तेव्हा?" त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मी लग्नाआधी गाणं शिकायचे थोडंसं. तो राग मला फार आवडायचा. पुढे सुटलं सगळं. माझं नाव बदलताना मला कुणी विचारलं असतं ना, तर मी तेच मागितलं असतं. मला काही मिळालं नाही. तू आलीस, म्हटलं, हिला देऊ." इतकी वर्षं मी जे नाव मिरवत होते ते त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेलं होतं, आणि लेकीला आपली नथ द्यावी तसं मला देऊन टाकलं होतं. मी त्यांचा हात धरला. "आणि तुमचं काय होतं आई? आधीचं?" त्यांनी मान उडवली. "सांगेन. तुझं ते मंजूर झालं की सांगेन. तोवर नाही." नवस बोलतात तसं बोलल्या, आणि रिक्षावाल्याला मीटरवरून धारेवर धरलं.

झालं! आता घरात दोन गोष्टींची वाट बघणं सुरू झालं. राजेशला विचारलं तर तो दाढीचा फेस तसाच ठेवून बाथरूममधून बाहेर आला. "आयला, मला माझ्या आईचं नाव माहीत नाही!" त्याचे मामा तिला अक्का म्हणायचे, त्याचे बाबा अगं म्हणायचे, आम्ही आई. श्रुतिका रोज जेवताना अंदाज बांधायची. "आजी, कुमुद? द्वारका? सुलोचना?" आजी आपली भाकरी मोडत, "मंजूर होऊ दे." आणि मंजूर होण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडेच घेतली. श्रुतिकाकडून पोर्टल उघडायला शिकल्या. पूजा झाली की देव्हाऱ्यासमोरच चष्मा लावून माझा अर्ज बघायचा. मग मला ऑफिसात फोन. वऱ्हाड कुठवर पोचलं ते मांडवात ओरडून सांगावं तशा आवाजात, "मधु, कॉलेजने पुढे पाठवला गं! आता जिल्ह्याच्या टेबलावर आहे." दुसऱ्या दिवशी, "अजून तिथेच बसलाय. त्यांना म्हणावं, चहा प्यायला गेलात की काय?" मी वरवर हसायचे. आतून माझी वाट लागली होती. महिना सरत चालला होता. कॉलेजात इतके दिवस कागदावर सही करून हजेरी लागायची, आता नाव पुकारायला लागले, "मालन परब", आणि पहिले दोन दिवस मी ओ द्यायचीच विसरले. शेजारच्या मुलीने कोपराने ढोसलं. तिसऱ्या दिवशी हात वर केला तेव्हा कुणी नातवंडांची चौकशी केली नाही. पुढच्या बाकावरची एक पोरगी वळून म्हणाली, "मस्त नाव आहे मॅम तुमचं, एकदम व्हिंटेज." घ्या! ज्या नावापायी मी शाळाभर रडले ते आता फॅशनमध्ये आलं होतं. मला तिथे बसायला इतकं आवडत होतं की भीती वाटायची. करारनाम्याच्या कायद्यातला एखादा मुद्दा डोक्यात लख्ख उजेड पाडून जायचा, आणि लगेच मनात यायचं, महिनाअखेरीला हे बाक सोडावं लागलं तर? मग मी फळ्याकडे अधाशासारखी बघायचे, ताट ओढून नेण्याआधी दोन घास भरावेत तशी.

शेवटच्या आठवड्यातला शनिवार. राजेशचा कारखाना बंद, श्रुतिका घरी, मी वरणाला फोडणी घालत होते. देव्हाऱ्याकडून आवाज आला, "मधु!" मग, "मालन!" मग दोन्ही एकदम, "अगं मधु, मालन, जी कोण असशील ती, इकडे ये!" मी पळी घेऊनच धावले. त्यांनी मोबाइल माझ्या डोळ्यांच्या इतका जवळ धरला की अक्षरंच दिसेनात. श्रुतिकाने तो काढून घेतला आणि किंचाळली. अर्ज मंजूर. लाभार्थी: मालन शंकर परब. राजेशने मला उचलायचा प्रयत्न केला, कंबर धरून खाली बसला. मी पळीसकट सासूबाईंच्या गळ्यात पडले. फोडणी करपली, वास घरभर पसरला, कुणी उठलं नाही. मी शिकणार होते. कुणी मला उठवणार नव्हतं. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

मग श्रुतिका मांडी ठोकून समोर बसली. "आजी. वचन." सासूबाई एकदम लाजल्या, सत्तरी उलटलेली बाई कानापर्यंत लाल झाली. "मला नाही घेता यायचं." "काय घेता यायचं नाही?" "नाव." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "राजेशच्या आजोबांचं जे नाव, तेच." आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. राजेश कंबर चोळता चोळता थांबला. "आजोबांचं? माणिकराव?" सासूबाईंनी पदराआडून मान हलवली. "मामंजींचं ते नाव, आणि सून आली तीही... मग घरात हाक कुणाला मारायची? आणि सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नसतं. लग्न ठरलं त्याच बैठकीत वनमाला ठरलं. बरं, नुसतं बदललं असतं तर मनातल्या मनात तरी घेतलं असतं. पण घ्यायचीच बंदी. माहेरी गेले तरी जीभ आवरायची." श्रुतिका म्हणाली, "अगं पण आजी, पणजोबा जाऊन किती वर्षं झाली!" "झाली की. सवय गेली नाही." श्रुतिकाने आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

माझ्याकडे दोन नावं होती, आणि मी त्यांतलं कुठलं घेऊ म्हणून रडत बसले होते. या बाईचं स्वतःचं असं एकच होतं, तेही तोंडातल्या तोंडात कोंडलेलं. मला राग आला, माया आली, आणि सगळ्यात जास्त चेव आला. मी खुर्ची ओढली, पळी हातात शिक्क्यासारखी धरली, नाकावर नसलेला चष्मा सारखा केला आणि अण्णांचा आवाज काढला. "पूर्ण नाव सांगा बाई."

"चल, काहीतरीच!"

"साक्षीदाराने टाळाटाळ करायची नाही. नाव?"

"वनमाला..."

"ते आधारवर आहे. आधीचं सांगा."

त्या हसल्या. मग हसू गेलं. मांडीवरचा पदर त्यांनी सारखा केला, दाराकडे एकदा बघितलं, कुणी येतंय का म्हणून, आणि ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"माणिक," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला नुसती ओठांची हालचाल दिसली.

"ऐकू आलं नाही. कोर्टात मोठ्याने बोलायचं असतं."

"माणिक."

त्या स्वतःशीच नवल केल्यासारख्या आमच्याकडे बघत राहिल्या. मग कुणी न विचारता त्यांनी ते पुन्हा सांगितलं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.